प्राणवायू : एका नावाचा आणि एका उपचाराचा इतिहास

शब्दाचा अर्थ त्याच्या व्युत्पत्तीत शोधू नये, हा भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास शिकविला जाणारा पहिला धडा होय. ‘पंकज’ म्हणताना चिखल कोणाच्या मनात येत नाही आणि ‘तेल’ म्हणताना तीळ आठवत नाहीत. तथापि काही थोड्या संज्ञा अशा असतात की, ज्यांची व्युत्पत्ती बोलणाऱ्याच्या कानात सतत जागी राहते. आणि ती जागी असल्यामुळे त्या संज्ञा वस्तूचा निर्देश करून थांबत नाहीत, त्या वस्तूविषयीचे एक मतही ऐकणाऱ्याच्या गळी उतरवितात. ‘प्राणवायू’ ही अशांपैकी एक होय. ह्या नावाने मराठी वाचकास जे मत दिले ते, आणि हृदयरोगाच्या चिकित्सेत गेल्या सव्वाशे वर्षांत ह्याच वायूविषयी जे अनुभवास आले ते, अशा दोहोंची गाठ घालून पाहावी, एवढाच प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. लेखक वैद्य नव्हे. शरीरक्रियेसंबंधीचे पुढील विवेचन प्रसिद्ध झालेल्या वैद्यकीय संशोधनावर आधारलेले आहे.

ह्या विषयाकडे मी वळलो तो एका घरगुती प्रसंगामुळे. संशोधनपर लेखनात असे प्रसंग सांगण्याचा प्रघात नाही, हे मी जाणतो. परंतु प्रश्न जेथे उत्पन्न झाला ते स्थळ झाकून ठेवण्यातही काही प्रामाणिकपणा नाही. माझे मामा अहमदनगर जिल्ह्यात (२०२४ पासून ह्या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर असे आहे) नेवासे तालुक्यातील एका खेड्यात राहतात. एप्रिल २०२१ च्या अखेरीस एका पहाटे त्यांच्या छातीत कळ आली, घाम फुटला, डावा हात भरून आला. त्यांना नगरच्या एका रुग्णालयात नेले. ते दिवस कसे होते हे वाचकांस सांगावयास नकोच. शेजारच्या नाशकात २१ एप्रिल रोजी डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयातील प्राणवायूच्या टाकीस गळती लागून पुरवठा तुटला होता आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले होते. नगर जिल्ह्यातही सिलिंडरसाठी लोक रात्री-अपरात्री फिरत होते. अशा वेळी मामांच्या बोटाला लावलेल्या यंत्रावर ९६ हा आकडा दिसत होता. औषधे चालू झाली, हृदयाचा आलेख काढला गेला, पुढील तयारीही सुरू झाली, परंतु नाकातोंडाला प्राणवायू काही लावला गेला नाही.

माझा मामेभाऊ डॉक्टरांना म्हणाला, “डॉक्टर, ऑक्सिजन तेवढा लावा. पैशाचं काय ते आम्ही बघतो.” डॉक्टरांनी सांगितले, “काकांचे शहाण्णव आहेत. त्यांना लागत नाही.” हे उत्तर आम्हां कोणासही पटले नाही. हृदयाचा झटका आलेल्या माणसास प्राणवायू लागत नाही, हे कसे? सगळा साठा दुसऱ्या रोग्यांकडे वळविला आहे आणि ते उघड सांगता येत नाही म्हणून असे म्हणतात, असा तर्क तेथल्या तेथे झाला. त्या तर्कात मीही सामील होतो, इतकेच नव्हे तर डॉक्टरांशी वाद घालण्यात मी पुढे होतो. मामा बरे झाले. वाद मात्र माझ्या मनात राहिला, आणि पुढे वाचन करू लागलो तेव्हा ध्यानात आले की, आमच्या संशयाला टंचाईइतकाच शब्दही कारण झाला होता.

मराठीत ह्या वायूस दोन नावे चालतात, आणि त्यांचे प्रांत निराळे आहेत. ‘प्राणवायू’ हा पाठ्यपुस्तकातला, वर्तमानपत्राच्या मथळ्यातला आणि भाषणातला शब्द. एखाद्या बुडत्या संस्थेस अनुदान मिळाले की तिला ‘प्राणवायू मिळतो’. रुग्णालयाच्या आवारात मात्र हा शब्द कोणी उच्चारीत नाही. तेथे ‘ऑक्सिजन लावतात’, जसे ‘सलाईन लावतात’. ‘पेशंट ऑक्सिजनवर आहे’ असे म्हटले की ऐकणाऱ्याचा चेहरा उतरतो. २०२१ मध्ये ‘किती लिटरवर आहे?’ हा प्रश्न नातेवाइकांच्या नित्याचा झाला, आणि ‘ऑक्सिजन किती?’ ह्या प्रश्नाने ‘ताप किती?’ ह्या जुन्या प्रश्नाची जागा घेतली. म्हणजे छापील शब्द जीविताकडे बोट दाखवितो आणि बोलण्यातला शब्द मरणाच्या सान्निध्याकडे. परंतु दोन्हींच्या पाठीमागचे गृहीत एकच : हा वायू जितका अधिक तितके जीवित अधिक.

हे गृहीत ‘प्राणवायू’ ह्या शब्दात मुळापासून होते काय? ह्याचे उत्तर शोधावयास फार लांब जावे लागत नाही. मामांचा तालुका ज्या गावावरून ओळखला जातो त्या नेवाशातच, प्रवरेच्या काठी, शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. तिच्या सहाव्या अध्यायात योगाभ्यासाच्या वर्णनात अपान वायू वर वळविणे, प्राण आणि अपान ह्यांची गाठ, कुंडलिनीचे जागे होणे हा सर्व भाग विस्ताराने आला आहे. भाषाभ्यासकाने त्यात एक गोष्ट विशेष पाहावी. शक्ती हृदयाच्या ठिकाणी येऊन वर सरकू लागली की तिचे ‘कुंडलिनी’ हे नाव जाते आणि तिला ‘मारुत’ म्हणावे लागते, असे ज्ञानेश्वर नमूद करतात. वस्तूची अवस्था पालटली की नाव पालटले पाहिजे, ही जाणीव त्या वर्णनात स्पष्ट आहे.

ह्या परंपरेतला प्राण हा पाच वायूंपैकी एक : प्राण, अपान, समान, उदान आणि व्यान. योगग्रंथांच्या रूढ मांडणीत प्राणाचे स्थान हृदय. आयुर्वेदात वाग्भटाने त्याचे मुख्य स्थान मस्तक मानले व छाती-कंठ हा त्याचा संचारप्रदेश सांगितला. मतभेद असो, दोहोंतही ‘प्राणवायू’ ह्या समासाचा विग्रह ‘प्राण हाच वायू’ असा आहे. हा कर्मधारय होय. येथे वायू म्हणजे शरीरातली एक गती, एक प्रेरणा. बाहेरून भरून घेण्याचा पदार्थ नव्हे. आणि महत्त्वाचे हे की, ह्या विचारात वायूच्या आधिक्यास जागा होती. वायू कमी झाला तर रोग, तसाच तो वाढला, कोपला तरी रोग. ‘वायू धरला’, ‘वात झाला’ हे आपले बोलणे त्याच समजुतीचा अवशेष आहे. प्राणायामातही श्वासाला आवर घालणे हाच मुख्य व्यापार असतो. अधिक हवा ओढून घेणे हे त्याचे साध्य नव्हे.

एकोणिसाव्या शतकात पाश्चात्त्य रसायन मराठीत येऊ लागले तेव्हा हा शब्द उचलून नव्या पदार्थास लावला गेला. रूप तेच राहिले. विग्रह मात्र पालटला. आता ‘प्राण राखणारा वायू’ असा तो मध्यमपदलोपी समास झाला. (१९६२ च्या लेखननियमांनी त्याचा अंत्य उकारही दीर्घ केला, पण तो फरक कोणाच्या हृदयापर्यंत पोहोचणारा नव्हता.) ह्या स्थित्यंतरात शब्दाची एक बाजू गळून पडली. जुन्या प्राणवायूचा कोप होऊ शकत असे. नव्या प्राणवायूचा तो होईल, अशी शंकाही त्या नावाने उरू दिली नाही. ज्ञानेश्वरांनी वस्तू पालटताच नाव पालटले. आम्ही वस्तू समूळ पालटली आणि नाव तसेच ठेवले.

युरोपात ह्या वायूचे नामकरण कसे झाले, हेही ह्या संदर्भात पाहण्यासारखे आहे. १ ऑगस्ट १७७४ रोजी जोसेफ प्रीस्टली ह्याने पाऱ्याच्या भस्मावर भिंगाने सूर्यकिरण एकवटून तो मिळविला. स्वीडनमध्ये शेले ह्याने तो त्याच्याही आधी वेगळा केला होता, पण त्याचा ग्रंथ १७७७ मध्ये निघाला. त्याने त्यास ‘अग्निवायू’ म्हटले. प्रीस्टलीने स्वतः हा वायू ओढून पाहिला आणि छाती काही काळ हलकी वाटल्याचे नमूद केले. १७७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वृत्तान्तात त्याने तो औषध म्हणून उपयोगी पडेल असे सुचविले, आणि त्याच ठिकाणी एक शंकाही घातली : मेणबत्ती जशी ह्या वायूत भराभर जळून जाते, तसा निरोगी माणूसही त्यात आपले आयुष्य भराभर खर्चून टाकील की काय? औषधाची आशा आणि अतिरेकाची शंका अशी जन्मतःच जोडीने आली होती. पुढच्या पिढ्यांनी पहिली उचलली.

लाव्हाझिए ह्याने आरंभी ह्यास श्वसनास सर्वोत्तम असा वायू म्हटले. ‘जीवनदायी वायू’ अशा अर्थाचे नावही त्या काळी फ्रेंच-इंग्रजीत रूढ होते. मराठी ‘प्राणवायू’ ही संज्ञा त्या नावाच्या छायेत घडली असावी, असे मला वाटते. परंतु १७८७ च्या नव्या रासायनिक परिभाषेत त्याने ‘आम्ल उत्पन्न करणारा’ ह्या अर्थाचे ‘ऑक्सिजन’ हे ग्रीक धातूंवरून बनविलेले नाव पक्के केले, कारण सर्व आम्लांत हा असतोच अशी त्याची धारणा होती. ती चुकीची होती. १८१० मध्ये हंफ्री डेव्ही ह्याने क्लोरीन हे मूलद्रव्य असल्याचे दाखविले, आणि क्लोरीनच्या आम्लात ऑक्सिजनचा अंशही नाही हे त्यावरून ठरले. नाव मात्र टिकले. जर्मन भाषेने त्याचे शब्दशः भाषांतर केले, बंगालीने ‘अम्लजान’ व कन्नडने ‘आम्लजनक’ म्हणून तीच चूक स्वीकारली. तमिळने ‘उयिर्वळि’, म्हणजे जीववायू, असा आपल्यासारखा मार्ग धरला. गुजराती आपल्याच बरोबर आहे. चुकीचे रसायन आणि अर्धे शरीरशास्त्र ह्यांतून निवड करावयाची झाली तर कोणते नाव कमी घातक, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. आम्लाविषयीची चूक निरुपद्रवी ठरली, कारण ‘ऑक्सिजन’ ऐकून ग्रीक कोणास आठवत नाही.

तिसराही एक पर्याय ह्या देशात पुढे आला होता. डॉ. रघुवीर ह्यांनी आपल्या पारिभाषिक कोशात ऑक्सिजनला ‘जारक’ हा शब्द दिला. हायड्रोजन ‘उद्जन’, नायट्रोजन ‘भूयाति’, कार्बन ‘प्रांगार’. ह्या शब्दांची त्या काळी जी थट्टा झाली ती अगदीच अकारण होती असे नाही, आणि लोकांनी ते स्वीकारलेही नाहीत. परंतु ‘जारक’ ह्या एका शब्दापुरते मला थांबावेसे वाटते. संस्कृत ‘जॄ’ ह्या धातूत झिजणे, जीर्ण होणे, पचणे हे अर्थ आहेत. ‘जरा’, ‘जीर्ण’, ‘अजीर्ण’ ही त्याचीच कुटुंबीय मंडळी. रसशास्त्रात ‘जारण’ ही एक प्रक्रियाच आहे. लोखंड गंजविणारा, लाकूड जाळणारा, अन्न पचविणारा आणि देहास म्हातारपण आणणारा तो जारक! श्वासातून आलेला हा वायू पेशींत उपयोगी पडत असताना त्याचे काही कण अतिक्रियाशील रूप घेतात आणि पेशींच्या घटकांना इजा करतात, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रस्थापित झाले. तेव्हा सर्वांच्या हसण्यावारी गेलेला हा शब्द वस्तूच्या स्वभावाशी अधिक इमानी होता. तो रूढ व्हावा असे माझे म्हणणे नाही. मराठी विश्वकोशाने ‘ऑक्सिजन’ हेच रूप पत्करले, हे योग्यच झाले.

आता चिकित्सेकडे वळू. लाव्हाझिए व त्याचा सहकारी सेगँ ह्यांनी १७८९ च्या सुमारास माणसावर प्रयोग करून असे पाहिले की, शुद्ध ऑक्सिजन हुंगला काय किंवा साधी हवा घेतली काय, विश्रांतीच्या अवस्थेतला देह तेवढाच ऑक्सिजन वापरतो. प्रीस्टलीच्या मेणबत्तीची भीती ह्याने दूर झाली. पण त्याबरोबरच अधिक पुरविल्याने देह अधिक जगतो ह्या आशेचाही आधार निघाला. ह्या दुसऱ्या निष्कर्षाकडे कोणाचे लक्ष गेले नाही. इंग्लंडात टॉमस बेडोज ह्याने १७९९ मध्ये ब्रिस्टल येथे वायुचिकित्सेची संस्था काढली. पॉल बेर ह्याने १८७८ मध्ये दाखविले की, मोठ्या दाबाखालील ऑक्सिजनने प्राण्यांना आचके येतात व ते मरतात. १८९९ मध्ये लॉरेन स्मिथ ह्याने फुप्फुसांस त्यामुळे सूज येते हे सिद्ध केले. नेमके पुढच्याच वर्षी, १९०० मध्ये, स्टील नावाच्या ब्रिटिश वैद्याने छातीच्या तीव्र वेदनेत (हृदयशूलात) ऑक्सिजन हुंगविल्याने आराम पडल्याचे वृत्त प्रसिद्ध केले. पहिल्या महायुद्धात विषारी वायूने गुदमरलेल्या सैनिकांच्या निमित्ताने हॉल्डेन ह्याने ऑक्सिजन मोजून, सलग देण्याची पद्धती मांडली आणि रक्तात ज्याची उणीव आहे त्यास तो देणे हे खरोखरच जीवदान आहे हे स्पष्ट झाले. ह्या शेवटच्या गोष्टीविषयी आजही दुमत नाही.

परंतु उणीव असलेल्यास जे जीवदान, ते उणीव नसलेल्यास काय, हा प्रश्न निराळा होता. तो बराच काळ विचारलाच गेला नाही. हृदयविकाराच्या झटक्यात हृदयाच्या स्नायूचा एक भाग रक्तावाचून, पर्यायाने ऑक्सिजनवाचून मरत असतो. तेव्हा रोग्यास ऑक्सिजन द्यावा, हे इतके उघड वाटत होते की, त्याची परीक्षा घेण्याची गरज कोणास भासली नाही. १९५० मध्ये रसेक व त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत हृद्रोग्यांना निर्भेळ ऑक्सिजन देऊन हृदयाचे विद्युत् आलेख काढले, तेव्हा त्यांना वेदना व आलेखातील बिघाड कमी होताना दिसला नाही. उलट काही रुग्णांत बिघाड लांबला. १९६० नंतरच्या दशकात ब्रिटनमधील मापनांतून असे दिसले की, झटका आलेल्या रुग्णास भरपूर ऑक्सिजन दिल्यास रक्तदाब थोडा चढतो आणि हृदय दर मिनिटास बाहेर टाकीत असलेले रक्त घटते. तरीही प्रथा चालूच राहिली.

येथे ह्या घटनेमागील शरीरक्रिया थोडी उलगडून सांगणे अवश्य आहे, कारण सारे मर्म तीत आहे. रक्तातील ऑक्सिजन दोन रीतींनी वाहिला जातो. बहुतेक सर्व तांबड्या पेशींतील हीमोग्लोबिनला चिकटून जातो. अगदी थोडा रक्तद्रवात विरघळून जातो. एक ग्रॅम हीमोग्लोबिन सुमारे १.३४ घन सेंटिमीटर ऑक्सिजन धरते. निरोगी माणसाच्या १०० घन सेंटिमीटर रक्तात सुमारे १५ ग्रॅम हीमोग्लोबिन असते, म्हणजे त्यात सुमारे २० घन सेंटिमीटर ऑक्सिजन मावतो. साधी हवा घेतानाच ही जागा शेकडा ९६-९८ भरलेली असते. विरघळलेला भाग फक्त ०.३. आता हवेतील २१ टक्क्यांऐवजी शुद्ध ऑक्सिजन दिला तर काय होईल? हीमोग्लोबिनची उरलेली दोन-चार टक्के जागा भरेल, आणि विरघळलेला भाग ०.३ वरून दोनच्या आसपास जाईल. एकूण वाढ सुमारे दहा टक्के. पाण्याने भरलेल्या हंड्यावर आणखी घागर ओतावी, तसा हा प्रकार.

लाभ एवढाच असता तरी हरकत नव्हती. परंतु रोहिण्या, म्हणजे हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिन्या, ह्या निर्जीव नळ्या नव्हेत. ऊतकांत ऑक्सिजन वाढला की त्या आपणहून आकुंचन पावतात. त्यांना सैल ठेवणारा एक वायुरूप दूत, नायट्रिक ऑक्साइड, वाहिनीच्या अस्तरात सतत तयार होत असतो. ऑक्सिजनच्या अतिक्रियाशील कणांनी तो नष्ट होतो. वाहिनीच्या स्नायूपेशींतील पोटॅशियमचे काही मार्गही बंद होतात. परिणामी सर्व शरीरातील रक्तप्रवाहास रोध वाढतो, नाडी थोडी मंदावते, हृदयाचे उत्सर्जन घटते. फुप्फुसातील वाहिन्या तेवढ्या उलट वागतात; त्या ऑक्सिजनने सैलावतात. आणि हृदयाला स्वतःला रक्त पुरविणाऱ्या हृद्रोहिण्या? त्याही आकसतात. २००५ मध्ये अमेरिकेत हृद्रोहिणीच्या रुग्णांत, वाहिनीत सूक्ष्म तार घालून प्रत्यक्ष मोजणी झाली. शुद्ध ऑक्सिजन घेत असता हृदयाकडे जाणारा रक्तप्रवाह सुमारे ३० टक्क्यांनी उतरला व रोध सुमारे ४० टक्क्यांनी चढला. हिशेब सोपा आहे. प्रत्येक थेंबात दहा टक्के अधिक, पण थेंब तीस टक्के कमी. म्हणजे हृदयाच्या स्नायूस पूर्वी शंभर भाग मिळत होते तेथे आता सत्त्याहत्तरच भाग मिळतात. ज्या स्नायूसाठी हा खटाटोप, त्याच्याच पदरी तूट येते. साध्या मुखवट्यातून श्वासात जाणारे प्रमाण शुद्ध ऑक्सिजनपेक्षा कमी असते आणि परिणामही त्या मानाने कमी होतो, हे येथे सांगितले पाहिजे. दिशा मात्र तीच राहते.

वाहिन्यांचे हे आकुंचन किती दूरवर जाऊ शकते ह्याचा सर्वांत करुण पुरावा हृदयातून नव्हे, डोळ्यांतून मिळाला. १९४० नंतरच्या दशकात अपुऱ्या दिवसांच्या बालकांना काचपेटीत ठेवून मुक्तहस्ताने ऑक्सिजन देण्याची पद्धत पाश्चात्त्य देशांत पडली, आणि अशी सुमारे दहा हजार मुले अंध झाली. ऑस्ट्रेलियात केट कॅम्बेल ह्या विदुषीने १९५१ मध्ये ऑक्सिजनकडे बोट दाखविले. १९५३-५४ मध्ये अमेरिकेतील नियंत्रित चाचणीने ते खरे ठरविले. दृष्टिपटलाच्या कोवळ्या वाहिन्यांची वाढ अतिऑक्सिजनने खुंटते आणि पुढे त्या वेड्यावाकड्या फुटतात. सर्वांत चांगली सोय असलेल्या रुग्णालयांतच हे अंधत्व अधिक आढळे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

हृदयाच्या बाबतीत पहिली खरी चाचणी १९७६ मध्ये झाली. रॉल्स व केनम्यूर ह्यांनी ब्रिटनमध्ये झटक्याच्या रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून केल्याप्रमाणे दोन गट पाडले. एकास मुखवट्यातून ऑक्सिजन, दुसऱ्यास तशाच मुखवट्यातून साधी हवा. निदान पक्के ठरलेल्यांपैकी ऑक्सिजनच्या ८० रुग्णांत ९ मृत्यू झाले, हवेच्या ७७ रुग्णांत ३. संख्या लहान असल्याने हा फरक योगायोगाचा असू शकेल, असे संख्याशास्त्राने सांगितले. पण निदान प्रश्न तरी उभा राहावयास हवा होता. तो राहिला नाही. २०१० मध्ये जगातील उपलब्ध चाचण्या एकत्र केल्या गेल्या तेव्हा त्या अवघ्या तीन निघाल्या, रुग्ण ३८७. लक्षावधी लोकांना दिल्या गेलेल्या उपचाराचा पुरावा एवढाच होता.

हा उपचार इतका का टिकला? वैद्यकाच्या इतिहासकारांनी ह्याची उत्तरे दिली आहेत. मी एक भाषिक उत्तर पुरवणीदाखल देतो. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या आपल्याकडील विद्यार्थ्यांसही झटक्याचे प्राथमिक उपचार ‘मोना’ ह्या संक्षेपाने पाठ करविले जात : मॉर्फिन, ऑक्सिजन, नायट्रेट, ॲस्पिरिन. ह्यातील ‘ओ’ काढला तर नाव उच्चारताच येत नाही. संक्षेप मोडू नये म्हणून औषध टिकले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु पाठांतरात बसलेला घटक पुराव्यावाचूनही जिवंत राहतो, हे आपल्या वैदिक पठणाच्या अभ्यासकांस नवीन नाही.

निर्णय शेवटी गेल्या दशकात झाला. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात रुग्णवाहिकेपासूनच ऑक्सिजन देणे व न देणे अशी तुलना झाली. २०१५ मध्ये निष्कर्ष आले. ज्यांचा झटका पक्का ठरला अशा ४४१ रुग्णांत, मिनिटाला आठ लिटर ऑक्सिजन मिळालेल्यांच्या हृदयाची हानी अधिक मोठी दिसली. २०१७ मध्ये स्वीडनच्या ६,६२९ रुग्णांचा अहवाल आला. मिनिटाला सहा लिटर, सहा ते बारा तास. आणि वर्षाअखेर मृत्यूंचे प्रमाण ऑक्सिजन घेतलेल्यांत ५.० टक्के, न घेतलेल्यांत ५.१ टक्के. लाभ नाही. ह्या मोठ्या चाचणीत अपायही दिसला नाही, हे ऑस्ट्रेलियन निष्कर्षासमोर ठेवूनच वाचले पाहिजे. मला स्वतःला त्यातून एवढेच घेणे सुरक्षित वाटते की, पुरेसा ऑक्सिजन असलेल्या हृद्रोग्यास तो देण्यास आधार उरला नाही. त्याच वर्षी युरोपच्या हृद्रोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शिकेने रक्तातील प्रमाण ९० टक्क्यांखाली गेल्यावरच तो द्यावा, असे सांगितले. २०१८ मध्ये निरनिराळ्या तीव्र आजारांतील २५ चाचण्यांचे, एकंदर सोळा हजारांवर रुग्णांचे, एकत्र परीक्षण झाले. त्यात सढळ हाताने ऑक्सिजन दिलेल्यांत मृत्यू अधिक आढळले.

तेव्हा २०२१ च्या एप्रिलात नगरच्या त्या रुग्णालयात डॉक्टर जे बोलले ते टंचाईचे समर्थन नव्हते. बाहेर सिलिंडर रांगेने उभे असते तरी उत्तर तेच आले असते. ज्यांची फुप्फुसे त्या साथीत भरून आली होती, ज्यांचा आकडा ८० वर, ७० वर घसरला होता, त्यांना ऑक्सिजन हाच तरणोपाय होता. त्यांच्यापैकी कित्येक तो वेळेवर न मिळाल्याने गेले. ह्या लेखातील एकाही वाक्याचा अर्थ त्या दुःखाला उणेपणा आणणारा घेऊ नये. परंतु एकाच छपराखाली दोन रुग्ण होते : एकास वायू हवा होता, एकास नको होता, आणि दोघांच्याही नातेवाइकांच्या तोंडी शब्द एकच होता.

बोटाला लावण्याच्या त्या यंत्राविषयीही दोन शब्द लिहितो. त्याचे मूलतत्त्व ताकुओ आओयागी ह्या जपानी अभियंत्याने १९७० नंतरच्या दशकाच्या आरंभी शोधिले; एप्रिल २०२० मध्ये, म्हणजे सारे जग त्याचे यंत्र बोटाला लावू लागले त्याच सुमारास, तो वारला. सप्टेंबर २०२० पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ह्या राज्याच्या मोहिमेत ही यंत्रे आशा सेविकांच्या हाती घरोघर गेली. ‘ऑक्सिमीटर’ हा शब्द नेवासे, शेवगाव, पाथर्डीच्या खेड्यांत असा पोहोचला. परंतु हे यंत्र तुटीचीच भाषा जाणते. हीमोग्लोबिन पूर्ण भरले की आकडा शंभरावर थांबतो. त्यापुढे रक्तद्रवात ऑक्सिजन दुप्पट होवो, पाचपट होवो, यंत्र शंभरच दाखविते. उणे पडले तर ते ओरडते, अधिक झाले तर गप्प बसते. ऑक्सिजन लावलेल्या रोग्याच्या बोटावर शंभर दिसले म्हणजे नातेवाईक निश्चिंत होतात. जाणता डॉक्टर त्या वेळी नळी थोडी बंद करतो. ब्रिटिश श्वसनतज्ज्ञांनी बहुतेक तीव्र रुग्णांसाठी ९४ ते ९८, आणि ज्यांच्या शरीरात कार्बन डायऑक्साइड साचण्याचा धोका आहे अशांसाठी ८८ ते ९२ अशी मर्यादा घालून दिली आहे. वरची मर्यादा घातली जाणे, ही ह्या वायूच्या इतिहासातील उशिरा आलेली गोष्ट.

आपल्या भाषेतही नेमके हेच घडले आहे. हवा कमी पडल्याच्या अवस्थेला मराठीत शब्दांची वाण नाही : गुदमरणे, घुसमटणे, कोंडणे, धाप लागणे, दम लागणे, कासावीस होणे, जीव वरखाली होणे. ह्यांतील प्रत्येकाची छटा वेगळी, आणि वैद्याने ऐकावयाचे ठरविल्यास प्रत्येकापासून निदानास काही मिळेल. अतिऑक्सिजनाच्या अवस्थेला मात्र बोलीत एकही शब्द नाही. तो असणार तरी कसा? ती अवस्था सिलिंडर व नळी ह्यांच्याबरोबर जन्मास आली. डोंगरावर, विहिरीत, धुराने भरलेल्या चुलीपुढे ती कोणाच्या अनुभवास येणे शक्य नव्हते. परिभाषेत कोणी ‘अतिप्राणता’ असा शब्द बनविल्यास तो ह्याच कारणाने फसेल, कारण प्राण अती झाला ही तक्रार मराठी माणसास समजणार नाही. ‘ऑक्सिजन जास्त झाला’ हे समजेल. जेथे अपाय सांगावयाचा आहे तेथे परका शब्दच अधिक कामाचा ठरतो, अशी ही विलक्षण स्थिती आहे. डॉक्टरांनी त्या दिवशी ‘प्राणवायू लागत नाही’ असे म्हटले असते, तर आमचा वाद आणखी वाढला असता.

गेल्या दिवाळीत गावी गेलो असता मी हा सर्व हिशेब, हंडा आणि घागर ह्यांसह, मामांना सांगितला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला. मग म्हणाले, “तुझं खरं असंल. पण तेव्हा गॅसच कुठं होता?”